निळ्या कॅनचं पाणी

ओव्हाळ मॅडम दिवसातून दहा वेळा एकच वाक्य म्हणायच्या. "नाव नसेल तर टाका." बाटलीवर नाव नाही, टाका. प्लेटवर तारीख नाही, टाका. एकदा मी माझा जेवणाचा डबा त्यांच्या प्रयोगशाळेतल्या फ्रीजमध्ये ठेवला होता, तोही गेला. आत चांगली भरली वांगी होती. मी तोंड वाकडं केलं तर म्हणाल्या, "सुनंदाताई, एक तर ह्या फ्रीजमध्ये जेवण ठेवायचं नाही. आणि नाव नाही म्हटल्यावर ती वांगीच आहेत हे मला कसं कळणार?" त्या दिवशी उपाशीपोटी मी त्यांना मनातल्या मनात लय शिव्या घातल्या.

मी मळवलीची. म्हणजे लग्न होऊन मळवलीची. आमचे हे स्टेशनपलीकडच्या एका बंगल्याची राखण करतात आणि पंधरा वर्षं मी तिथली झाडलोट केली. मालक मुंबईचे, यायचे शनिवारी. त्यामुळे शुक्रवारी आमची पळापळ. चादरी बदला, जाळ्या काढा, आणि साचलेलं पाणी दिसेल तिथे ओता. बादलीत, पिंपात, फुलदाणीत, कुठेही शिळ्या पाण्याचा थेंब दिसता कामा नये. मालकांचा तो हट्टच होता. पंधरा वर्षांत तो माझ्या हाताला इतका बसला की डोकं दुसरीकडे असलं तरी शुक्रवारी हात आपोआप पाणी ओतायचे.

मालक गेले. त्यांच्या मागे एक ट्रस्ट झाला आणि बंगल्यामागची बैठी इमारत ट्रस्टने एका प्रयोगशाळेला दिली. बंगल्याबरोबर मीही प्रयोगशाळेच्या वाट्याला आले. बाटल्या धुवायच्या, फरशी पुसायची आणि तो मोठा वाफेचा कुकर चालवायचा. त्याला ऑटोक्लेव्ह म्हणतात. वापरलेली प्रत्येक गोष्ट त्यात उकडून, आतलं सगळं मारून मगच बाहेर टाकायची. बारावी सायन्सला दोनदा नापास झालेल्या बाईला याहून जवळचं सायन्स मिळालं नसतं.

मॅडम, म्हणजे सुजाता ओव्हाळ, सुदुंबऱ्याच्या. बारीक चणीच्या, चाळिशीच्या आतबाहेर, केस कायम आवळून बांधलेले. मी कामाला लागले त्या दिवशी सासूबाईंनी विचारलं, "मॅडम कुणाच्यातल्या?" मी म्हटलं, "डॉक्टरातल्या." पण मला कळलं होतं त्या काय विचारत होत्या, आणि खोटं कशाला बोलू, मीही पहिले पंधरा दिवस घरून पाण्याची बाटली नेत होते. हे मॅडमच्या नजरेतून सुटलं असेल असं मला तेव्हा वाटलं. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही हे मला अजून माहीत नव्हतं. सोळाव्या दिवशी बाटली घरी राहिली. दुपारी घशाला कोरड पडली तेव्हा त्यांनी काही न बोलता त्यांच्या माठातलं पाणी एका ग्लासात ओतलं, माझ्यासमोर ठेवलं आणि बाहेर निघून गेल्या. मी पिते की नाही हे बघायलाही थांबल्या नाहीत. मी प्यायले. त्या पंधरा दिवसांची मला आजही लाज वाटते.

त्यांचं काम होतं समुद्राच्या चिखलाचं. महिन्यातून एकदा पहाटेच घाट उतरून त्या कोकणातल्या कुठल्या तरी खाडीवर जायच्या, ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरायच्या आणि दुपारपर्यंत डबे आणि पाण्याचे कॅन भरून वर यायच्या. चिखलाचा वास असा की मी नाकाला पदर लावायचे. त्या मात्र डबा उघडून आधी वास घ्यायच्या, खवय्या माणूस रश्श्याचा घेतो तसा. त्या चिखलात म्हणे लाखो जंतू असतात आणि जागेसाठी ते एकमेकांवर विष सोडतात. त्यातलंच एखादं विष माणसाच्या औषधाच्या कामाचं निघतं. समुद्राचे जंतू समुद्राच्याच पाण्यात वाढवायचे, म्हणून ते कॅन. पाणी कोठीत, अंधारात, महिना महिना मुरवत ठेवायचं. मी एकदा विचारलं की नळाच्या पाण्यात मीठ घातलं तर काय बिघडलं. म्हणाल्या, "माणसाला फसवता येतं, ह्यांना नाही."

मग प्रत्येक जंतूची जनुकं वाचून घ्यायला बेंगळुरूला पाठवायची. तिकडून कागद येत नाही, फाइल येते. ती लॅपटॉपवर उघडून त्या तासन्‌तास बसायच्या. हे काय चाललंय असं विचारल्यावर त्यांनी मला समजावलं ते अजून पाठ आहे. जनुकं म्हणजे जंतूची पाककृतींची वही. कुठली कुठली विषं त्याला करता येतात ते त्यात लिहिलेलं असतं. जगाला आधीच माहीत असलेल्या कृती बाजूला काढायच्या आणि जी कुठल्याच यादीत सापडत नाही तिच्यामागे लागायचं. "पण गोची अशी," त्या म्हणाल्या, "की वहीत तीस कृती असतात आणि हा शिजवतो दोनच. बाकीच्या नुसत्या लिहिलेल्या."

मी म्हटलं, "म्हणजे आमच्या सासूबाई. येतं सगळं, करत काही नाहीत."

त्या खळखळून हसल्या. असं हसताना मी त्यांना चार वर्षांत तीनदा पाहिलं असेल.

हसायला जागाच नव्हती. त्यांचा मोठा भाऊ मिलिंद, त्याला त्या दादा म्हणायच्या, सुदुंबऱ्याहून एका कारखान्यात कामाला जायचा. बापामागे त्यानेच मॅडमना शिकवलं, स्वतः दहावीवर थांबून. कामावर असताना त्याच्या पायावर लोखंडी साचा पडला. नडगीचा चुरा झाला, आत सळई घातली आणि ऑपरेशननंतर हाडात जंतू शिरला. कुठल्याच औषधाला दाद न देणारा. बाजारात होती नव्हती ती सगळी इंजेक्शनं देऊन झाली. जखम वरून मिटायची आणि महिन्याने पुन्हा फुटायची.

दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन मॅडमनी तो जंतू आपल्याकडे आणला. त्याच्यासाठी काचेचं वेगळं बंद कपाट, वेगळे हातमोजे, वेगळी खूण. रोजची रीत अशी: प्लेटमध्ये दादाचा जंतू पसरायचा, त्यावर कागदाच्या बारक्या टिकल्या ठेवायच्या, प्रत्येक टिकली चिखलातल्या वेगवेगळ्या जंतूच्या अर्कात बुडवलेली. रात्रभर उबेत ठेवायचं. सकाळी प्लेट खिडकीशी उजेडात धरायची. टिकलीभोवती जंतू मेलेला असेल तर स्वच्छ काचेसारखं कडं दिसतं. नसेल तर सगळीकडे हिरवट साय. चार वर्षं मी रोज सकाळी त्यांना खिडकीशी उभं पाहिलं. प्लेट वर करायच्या, बघायच्या, खाली ठेवायच्या. "नाही." पुढची. "नाही." मग प्लेटांचा ढीग माझ्याकडे, कुकरात घालायला.

इतर जंतूंना आकडे होते. ह्याच्या नळीवर मात्र त्यांच्या बारीक अक्षरात "दादा" असं लिहिलेलं असायचं.

एकदा दादा स्वतःच आला. कुबड्या घेऊन, लोकलने, मळवली स्टेशनचा जिना चढून उतरून. घाम पुसत काचेबाहेर उभा राहिला. मॅडमनी चिकटपट्टीने बंद केलेली प्लेट आतून काचेला लावून दाखवली.

"हाच व्हय त्यो?" तो म्हणाला. "मला वाटलं लय मोठा आसंल."

मॅडमनी प्लेट काचेला तशीच धरून ठेवली.

"माझं हाड खातोय, आन् हितं काय खातोय?"

"सूप," मॅडम म्हणाल्या. "मटणाचा अर्क असतो त्यात."

"घ्या. मला दवाखान्यात पेज, आन् याला मटन." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, बहीण माझी, आन् बडदास्त त्याची." मी हसले. तो हसला. मॅडम पाठमोऱ्या होऊन प्लेट कपाटात ठेवत राहिल्या, गरजेपेक्षा जास्त वेळ.

तो गेल्यावर मी न राहवून विचारलं, "मॅडम, ह्यातलं औषध दादांना मिळंल का हो?"

"नाही," त्या म्हणाल्या. "आज सापडलं तरी माणसापर्यंत यायला दहा-पंधरा वर्षं. दादाला नाही मिळणार. हे मला पक्कं माहीत आहे." आणि लगेच पुढची प्लेट उचलली. मला तेव्हाच कळलं, माहीत असणं वेगळं आणि मानणं वेगळं.

आता माझी गोष्ट सांगते. सांगितल्याशिवाय मॅडमची सांगता येणार नाही.

त्या वर्षी पावसाळा संपत आला होता. आमच्याकडे चार महिन्यांत चपलेला बुरशी येते, भिंती फुगतात, कपाटातले कपडे दमट लागतात. कोठीतल्या कॅनवरच्या चिठ्ठ्याही सुटून पडायच्या. ट्रस्टची माणसं शनिवारी पाहणीला येणार असा निरोप आला. शुक्रवारी मॅडम दादाला घेऊन पुण्याच्या दवाखान्यात गेलेल्या. मी एकटीच. आणि शुक्रवार म्हटल्यावर हात चालू झाले. कोठी उघडली तर कोपऱ्यात एक निळा कॅन, आत तांबूस पाणी, वर तवंग, वास विचारू नका. झाकण फिरवून बघितलं, चारी बाजूंनी बघितलं. चिठ्ठी नव्हती. नाव नसेल तर टाका. मी तो मोरीत ओतला, ब्लीचिंग पावडर टाकून घासला आणि उन्हात पालथा घातला. बाकीच्या पाच कॅनना चिठ्ठ्या होत्या, त्यांना हात लावला नाही. शनिवारी ट्रस्टच्या बाई म्हणाल्या, "किती स्वच्छ ठेवलंय." मला बरं वाटलं.

सोमवारी सकाळी मॅडम खिडकीशी उभ्या होत्या. "नाही," ऐकू आलं. पुन्हा "नाही." मग बराच वेळ काहीच नाही. मी मोरीतून वाकून पाहिलं. प्लेट त्यांनी अजून खाली ठेवली नव्हती.

"सुनंदाताई, इकडे या. तुम्हाला दिसतंय का? का मलाच दिसतंय?"

दिसत होतं. हिरवट सायीत, एका टिकलीभोवती, बांगडीच्या आतल्या पोकळीसारखं स्वच्छ कडं. बत्तीस नंबरचा जंतू. त्याच्या वहीत कुठल्याच यादीत नसलेली एक कृती होती हे मॅडमना दोन वर्षांपासून माहीत होतं. त्याने ती आजवर एकदाही शिजवली नव्हती.

मग त्यांनी जे केलं ते त्यांच्या स्वभावात नव्हतं. एका प्लेटवर विश्वास न ठेवणारी बाई, तीनदा केल्याशिवाय रजिस्टरमध्ये शाईने न लिहिणारी. त्यांनी फोन लावला. आणि बोलायला लागल्या ते थेट सुदुंबऱ्याच्या बोलीत, जी मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

"दादा, मेला रं. मेला त्यो. माझ्या डोळ्यानं बघितला. न्हाई, चेष्टा न्हाई. हितं हातात हाय माझ्या."

शुक्रवारी डॉक्टरांनी दादाला काय सांगितलं होतं ते मला नंतर समजलं. पाय गुडघ्याच्या वरून काढा, आत्ता काढलात तर जीव वाचेल. दादा तयार झाला होता. कागदावर सही करायची तेवढी बाकी होती. सोमवारच्या फोननंतर त्याने सही केली नाही. "सुजाताचं औषध येतंय, दोन म्हैनं थांबू," असं त्याने घरात सांगितलं.

पहिला अर्क संपला होता, म्हणून मॅडमनी बत्तीस नंबर नव्याने वाढवून पुन्हा प्रयोग लावला. कडं आलं नाही. पुन्हा लावला. नाही. बत्तीस नंबर जिवंत होता, वाढत होता, पण ती कृती त्याने परत वहीत मिटून ठेवली. दुसऱ्या आठवड्यात त्या स्वतःशीच म्हणाल्या, "पाण्याचा फरक असेल का?" मी फरशी पुसत होते. मला तो निळा कॅन आठवला. आणि मी पुसत राहिले. आठ दिवस मी काही बोलले नाही. नोकरी जाईल म्हणून नाही. त्या खिडकीशी कशा उभ्या राहतील ते मला बघवणार नव्हतं म्हणून. ह्यालाच भित्रेपणा म्हणतात.

नवव्या दिवशी त्यांनी रजिस्टर उघडून माझ्यासमोर धरलं. "बत्तीस नंबर चार नंबरच्या कॅनच्या पाण्यात वाढवला होता. निळा कॅन. कुठे आहे?"

"ओतला," मी म्हटलं. "त्याच्यावर नाव नव्हतं."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या कोठीत गेल्या. बॅटरी घेऊन खाली वाकून शोधलं आणि फळीमागून एक ओली, गळून पडलेली चिठ्ठी काढून आणली. अक्षर फुटलं होतं पण चारचा आकडा वाचता येत होता. ती टेबलावर ठेवली. पेन घेतलं आणि रजिस्टरमध्ये लिहिलं: चिठ्ठी गळाली. पाणी टाकले गेले. नियम माझा.

"मॅडम, मला ओरडा तरी."

"कशाबद्दल? मी शिकवलं तेच केलंत." मग रजिस्टर मिटून म्हणाल्या, "त्या पाण्यात दुसरं कुणी तरी होतं. त्याला भिऊन ह्याने हत्यार काढलं. कोण होतं ते आता कुणाला विचारणार?"

"नाव नसेल तर टाका" हे मी त्यांच्या तोंडून पुन्हा कधी ऐकलं नाही. कॅनवर त्या तापल्या सुईने आकडे कोरायला लागल्या. चिठ्ठी नसलेली बाटली सापडली की दोन्ही हातांत धरून बघत राहायच्या आणि फळीवर परत ठेवायच्या.

त्याच खाडीवर त्या किती वेळा गेल्या याची मोजदाद नाही. त्या जागी आता भराव घालून धक्का बांधायला काढला होता. आजूबाजूचं पाणी आणलं, मुरवलं, महिना, दोन महिने. कडं काही आलं नाही. त्यांनी दादाला सांगितलं, एकदा नाही, अनेकदा, की आता थांबू नकोस, सही कर. दादा ऐकेना. त्याला वाटलं पोरगी नेहमीसारखी कमी बोलतेय. "तू घाबरू नगं. येईल तुझं औषध. मी हाय न्हवं," असं तो उलट त्यांनाच समजवायचा. जंतू रक्तात गेला तेव्हा पाय काढून उपयोग नव्हता. संक्रांतीच्या आधी तो गेला.

मी सुदुंबऱ्याला गेले. घर माणसांनी भरलेलं, भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली मेणबत्त्या. मॅडम दाराशी उभ्या राहून आल्यागेल्याला नमस्कार करत होत्या. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. मी त्यांचा हात धरला आणि माझंच रडू फुटलं. म्हटलं, "माझ्यामुळं झालं."

"नाही," त्या म्हणाल्या. "ते पाणी असतं तरी दादा वाचला नसता. पाय काढला असता तर वाचला असता." आणि मग माझ्या कानाशी, आजूबाजूच्यांना ऐकू जाणार नाही असं, म्हणाल्या, "ज्याला अजून नाव नव्हतं ते टाकायचं असतं, सुनंदाताई. मी ते फोन करून दादाला दिलं."

पाचव्या दिवशी त्या कामावर आल्या. काचेचं कपाट उघडलं, दादाचा जंतू काढला, नव्या सुपात घातला. मी बघतच राहिले. म्हटलं, आता कशाला ठेवता त्याला? म्हणाल्या, "जंतू दादाचा एकट्याचा नाही. दुसऱ्याही कुणाच्या हाडात असेल." खरं असेलही. पण नळीवर नाव त्यांनी दादाचंच लिहिलं. ज्याने भावाला मारलं त्याला ही बाई दर पंधरवड्याला आपल्या हाताने खाऊ घालत होती, आणि नळी उबेत ठेवताना बोटाने तिच्यावरचं नाव पुसलं तर गेलं नाही ना ते बघत होती. मला ते सहन व्हायचं नाही. मी मोरीत जाऊन नळ मोठा सोडायचे.

असं आठ महिने. मग ट्रस्टच्या नव्या माणसांनी बंगला विकायला काढला. चिखलातले जंतू पुण्याच्या एका संस्थेने घेतले, बत्तीस नंबरसकट, जनुकांच्या फायलींसकट. कुणी तरी पुढे त्याला बोलता करेल, न करेल. दादाचा जंतू त्यांनी घेतला नाही. रोग्याचा जंतू, कागद अपुरे, रोगी हयात नाही. नष्ट करावा, असं पत्र आलं.

शेवटच्या दिवशी खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. राहिला होता कुकर, एक स्टूल, माठ आणि अकरा नळ्या. मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही जा. हे रोजचंच काम आहे, मी करते."

"नको. मी करते."

एकेक नळी त्यांनी उजेडाकडे धरली, नाव वाचलं आणि जाळीत ठेवली. अकरा वेळा. झाकणाचे स्क्रू आवळताना म्हणाल्या, "आजवर नाव नसलेलं टाकलं. नाव असलेलं पहिल्यांदा टाकतेय."

वीस मिनिटं पुरतात. वीस झाली, मी उठले. त्यांनी हाताने थांबवलं. तीस झाली. मी म्हटलं, "मेला असेल हो आता." "माहीत आहे," त्या म्हणाल्या. दारात उभ्या राहून साऱ्या गावाला नमस्कार करणारी ती बाई, स्टुलावर बसून, पांढऱ्या कोटाची बाही तोंडात धरून रडली. "त्याच्या अंगातलं जिवंत असं एवढंच राहिलं होतं," एवढंच मला कळलं. बाकीचं बाहीतच राहिलं.

मी माठातलं पाणी ग्लासात ओतलं, त्यांच्यासमोर ठेवलं आणि बाहेर निघाले. दार ओढून घेताना एकदाच मागे पाहिलं. ग्लास तसाच होता, आणि मॅडम कुकरच्या काट्याकडे बघत होत्या.